स्क्रबर चालत नसेल तर आधी जाळी बघा : मराठवाड्यातल्या घरगुती रीफ टँकसाठी

रीफ टँक म्हणजे प्रवाळांचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, आणि स्क्रबर म्हणजे त्याचं पाणी साफ ठेवण्यासाठी जाळीवर मुद्दाम शेवाळ वाढवणारं यंत्र. स्क्रबरची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते : "जाळीवर काही येत नाही आणि काचेवरचं शेवाळ काही थांबत नाही." लातूर असो, परभणी असो की संभाजीनगर, तक्रार तीच. त्यावर पहिला उपाय म्हणून लोक दिवा बदलतात. माझं म्हणणं असं, की दिव्याला हात लावायच्या आधी जाळी नीट बघा. शेवाळाचा रंग कोणता, बोटाला कसं लागतं, वास कसा येतो, कुठे उगवलंय आणि कुठे टक्कल पडलंय, एवढं बघितलं की दुखणं बरंचसं सापडतं. आणि आपल्या भागात ते दुखणं स्क्रबरच्या बाहेर निघतं, असाच माझा अनुभव आहे : भरायच्या पाण्यात, उन्हाळ्यात नाहीतर विजेत.

अगदी नवीन असाल तर आधी यंत्र समजून घ्या. सम्पमधलं, म्हणजे टँकखालच्या दुसऱ्या पेटीतलं, पाणी पंपाने वर चढवून फट पाडलेल्या आडव्या पाइपात सोडायचं. फटीत एक खडबडीत प्लास्टिकची जाळी अडकवलेली असते, तिच्या दोन्ही अंगांनी पाण्याचा पातळ थर खाली उतरतो आणि दोन्ही बाजूंनी जोरदार उजेड पडतो. शेवाळाला हवं ते सगळं तिथे टँकपेक्षा जास्त मिळतं, म्हणून ते तिथे उगवतं आणि वाढताना पाण्यातला अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट, कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. ते खरवडून बाहेर काढलं, की ओढून घेतलेलं सगळं टँकबाहेर जातं. खरवडलं नाही, तर काहीच बाहेर जात नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी ही पद्धत विकसित केली, 1982 मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण दुकानदार सांगत नाहीत. रीफ बांधणारे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, सी फॅन हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, 2001 पासून. "कोण बघतंय" म्हणून घेऊ नका. या लेखात रीफ म्हणजे मशरूम, झोअँथिड, लेदर कोरल, झेनिया असे मऊ जीव आणि त्यांच्याबरोबरचे मासे. स्क्रबर त्यांना उत्तम मानवतो.

मापं एकदा तपासून घ्या

जाळीचा आकार टँकच्या लिटरवर ठरत नाही, तुम्ही रोज किती खायला घालता त्यावर ठरतो. प्रचलित हिशेब असा : रोज फ्रोझन खाद्याचा एक क्यूब पडत असेल, तर दोन्ही बाजूंनी उजेड मिळणारी सुमारे 77 चौरस सेंटिमीटर जाळी लागते. म्हणजे 20 सेंटिमीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर उंच जाळी रोजच्या चार क्यूबना जेमतेम पुरते. दोनच मासे आहेत आणि अर्धा क्यूब पडतो, अशा टँकवर एवढी मोठी जाळी लावली, तर ती उपाशी राहील आणि कधीच नीट हिरवी होणार नाही. नवीन माणूस हौसेने मोठीच जाळी लावतो. लहान लावा.

पाण्याचा वेग रुंदीवर मोजायचा : जाळीच्या प्रत्येक सेंटिमीटर रुंदीला ताशी 50 लिटर. 20 सेंटिमीटरला ताशी 1000 लिटर. पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा धरू नका, पाणी वर चढवताना तो बराच कमी होतो. 10 लिटरची बादली पाइपाखाली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. 36 सेकंदांत भरली तर ताशी 1000 लिटर मिळतायत. मिनिटभर लागला तर 600 च मिळतायत, आणि तुमचं उत्तर तिथेच सापडलं.

दिव्यासाठी 660 नॅनोमीटरचे लाल एलईडी, सोबत थोडे निळे किंवा पांढरे. वरच्या मापाच्या जाळीला दोन्ही बाजू मिळून 20 ते 25 वॅट पुष्कळ झाले. नव्या जाळीला सुरुवातीला 9-10 तासच उजेड द्या. वाढ धरली की हळूहळू 18 तासांपर्यंत न्या.

जाळीसाठी लोकरकाम-भरतकामाच्या दुकानातला प्लास्टिक कॅनव्हास चालतो, पण तो गुळगुळीत असतो. जाड पॉलिश पेपरने, नाहीतर करवतीच्या पात्याने दोन्ही बाजू इतक्या ओरबाडा की हात फिरवला तर टोचलं पाहिजे. महिना उलटूनही शेवाळ धरत नाही, अशा कितीतरी जाळ्या हातात घेतल्यावर काचेसारख्या गुळगुळीत लागतात. पाइप, एंड कॅप, बॉल व्हॉल्व्ह हे सगळं ठिबकच्या दुकानात स्वस्तात मिळतं, आणि ती दुकानं आपल्याकडे तालुक्याच्या गावीसुद्धा आहेत. सामान मात्र कोरं घ्या. शेतातला जुना पाइप घासूनपुसून वापरू नका, त्यातून खतं आणि औषधं गेलेली असतात. काही खतांत आणि बुरशीनाशकांत तांबं असतं आणि कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना ते थोडंही सोसत नाही.

जाळी काय सांगते

पहिले दोन-तीन आठवडे जाळीवर तपकिरी थर येतो. ते डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. घाबरू नका, दर आठवड्याला हलक्या हाताने पुसून काढा, पूर्ण घासून जाळी कोरी करू नका. त्या थराखालीच हिरवे केस धरू लागतात.

दीड-दोन महिने झाले तरी तपकिरी भुकटीच येत असेल, तर ती बोटांत चोळून बघा. भुकटीसारखी सुटत असेल तर डायटमच आहेत, आणि डायटमला कवचासाठी सिलिका लागते. ती कुठून येते? आपली जमीन काळ्या कातळाची, बसाल्टची. त्या खडकातून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते. अशा वेळी दिवा कितीही वाढवा, डायटम हटणार नाहीत. पाण्याचा मुद्दा खाली घेतलाय.

काळपट, तेलकट, चिकट थर आला आणि तो चिमटीत धरला तर लिबलिबीत लागला, तर पाण्यात शेवाळाचं खाद्य (नायट्रेट, फॉस्फेट) फार आणि त्या मानाने उजेड कमी आहे, असं समजा. नव्या पण जास्त मासे असलेल्या टँकवर हे हमखास दिसतं. उजेडाचे तास दर आठवड्याला दोनने वाढवा, दिव्यावरची मिठाची पापडी पुसा आणि हा थर चार-पाच दिवसांनीच काढत राहा. तो जाळीवर राहिला तर खालच्या हिरव्या शेवाळाला उजेडच मिळत नाही. काही आठवड्यांत काळ्याचं गडद हिरवं आणि मग मोकळं हिरवं होतं.

पिवळट, रबरी वाढ म्हणजे उलटी गोष्ट : उजेड जास्त, खाद्य कमी. तास 18 वरून 12 वर आणा, किंवा दिवा दोन-तीन सेंटिमीटर लांब सरकवा. पाण्याचा वेगही परत मोजा, कमी वेगातही शेवाळ पिवळं पडतं. एवढं करूनही फरक नसेल आणि नायट्रेट-फॉस्फेट पाणी तपासायच्या किटवर दिसत असतील, तर लोह कमी पडत असेल. चुनखडीच्या रानात लोह मिळेनासं झालं की ऊस पिवळा पडतो, तसंच हे. मत्स्यालयासाठी मिळणारं चिलेटेड लोह बाटलीवरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करा. शेतीचं मायक्रोन्यूट्रिएंट मिश्रण टाकू नका, त्यात तांबं आणि जस्तही असतं.

दिव्याच्या बरोबर समोर पांढरं टक्कल आणि कडेला छान हिरवं, असं दिसलं तर दिवा फार जवळ आहे. उभा कोरडा पट्टा दिसला तर त्या पट्ट्याच्या वरची फट तुंबली आहे. ही फट फार त्रास देते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. पाइप उजेडात असला की शेवाळ हळूहळू फटीत शिरतं. एखादा केस आत जातो, त्याला दुसरा अडकतो, आणि पंधरा दिवसांत पाणी तिथून बाजूला वळतं. वळलेलं पाणी एकीकडे उडायला लागतं, दिव्यावर थेंब बसतात, मीठ धरतं, उजेड घटतो. मग माणूस म्हणतो, "दिवा खराब झाला." प्रत्येक काढणीच्या वेळी पाइप उतरवून फटीतून जुना टूथब्रश फिरवा. फटीच्या दोन्ही कडांना उजेड लागणार नाही अशी काळ्या प्लास्टिकची पट्टी पाइपाला बांधून टाका. एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात.

चांगलं हिरवं शेवाळ अचानक सुटून सम्पमध्ये तरंगायला लागलं, तर ते फार जाड झालंय. बाहेरचा थर उजेड खातो, आतली मुळं अंधारात मरतात आणि वजनाने अख्खा गठ्ठा सुटतो. खरवडताना कुजका वास आला तर हेच झालंय. काढणी दहा दिवसांवरून सातवर आणा.

आणि एका वेळी एकच बदल. तास वाढवले तर त्या आठवड्यात पंपाला हात लावू नका. शेवाळाला उत्तर द्यायला आठवडा लागतो. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर सुधारलं तरी कशाने ते कळत नाही.

भरायचं पाणी

मराठवाड्यात पाणी एकाच जागचं नसतं. आठवड्यातून एकदा नळाला येतं, मध्ये टँकर येतो, उन्हाळ्यात बोअर, बोअर आटला की शेजाऱ्याचा बोअर. माणसाचं कसंबसं भागतं, पण टँकला दर वेळी वेगळं पाणी मिळत राहतं. 2016 मध्ये लातूरला रेल्वेने मिरजेहून पाणी आणावं लागलं होतं. इथे रीफ ठेवायचा तर पाण्याची सोय दिव्याच्या आधी करावी लागते.

बोअरच्या पाण्यात क्षार तर असतातच, पण शेतांच्या आणि शोषखड्ड्यांच्या आसपासच्या बोअरमध्ये नायट्रेटही उतरतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. रीफ टँकमध्ये आपण 2 ते 10 च्या दरम्यान ठेवायला बघतो. म्हणजे पिण्यायोग्य पाणीसुद्धा टँकसाठी फार झालं. स्क्रबर जीव तोडून नायट्रेट खातोय आणि तुम्ही रोज उडालेल्या पाण्याच्या जागी तेच परत ओतताय, असं चालू असेल तर जाळी कितीही हिरवी दिसली तरी किटवरचा आकडा हलणार नाही.

घरच्या आरओचं पाणी वापरत असाल तर दोन गोष्टी बघा. बऱ्याच घरगुती आरओत टीडीएस ॲडजस्टर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. चव यावी म्हणून ते थोडं पाणी मेम्ब्रेनला वळसा घालून सोडतं, नाहीतर क्षार परत मिसळतं. टँकसाठीची नळी मेम्ब्रेननंतर लगेच, या भागांच्या आधी काढून घ्या. दुसरं, नायट्रेट आणि सिलिका इतर क्षारांपेक्षा मेम्ब्रेनमधून जास्त निसटतात. त्यासाठी पुढे डीआय रेझिनचा (उरलेसुरले क्षार ओढून घेणाऱ्या दाण्यांचा) डबा लावा आणि टीडीएस मीटर 0 दाखवेल तेच पाणी टँकला द्या. रेझिन संपत आलं की सिलिका लवकर सुटू लागते, त्यामुळे मीटर 0 वरून 1-2 वर सरकला की लगेच रेझिन बदला. टँकरच्या पाण्यात क्लोरीन असेल तर मेम्ब्रेन खराब होतं, म्हणून आरओच्या आधीचं कार्बन फिल्टर वेळेवर बदलत जा.

एप्रिल-मे आणि वीज

40-42 अंशांच्या कोरड्या उन्हाळ्यात स्क्रबरवरून पडणारं पाणी भराभर उडतं. मीठ मात्र मागे राहतं. खारटपणा (सापेक्ष घनता) 1.026 वरून वर सरकतो, सम्पमधली पातळी उतरते, पंप हवा ओढायला लागतो आणि जाळीवर पाणी तुटक, बुडबुड्यांसह येतं. जाळीवरून गुळगुळ आवाज आला की आधी सम्प बघा. उडालेलं पाणी आपोआप भरणारं ऑटो टॉप-अप लावा. नाहीतर सम्पच्या काचेवर मार्करने रेघ मारून सकाळ-संध्याकाळ डीआयचं पाणी रेघेपर्यंत भरा.

उडणाऱ्या पाण्याचा एक फायदाही आहे. आपली हवा कोरडी असल्याने सम्पवर छोटा पंखा लावला तर पाणी चांगलं दोन-तीन अंशांनी थंड राहतं. पण त्याच खोलीत डेझर्ट कूलर चालू असेल आणि खिडक्या बंद असतील तर हवा दमट होते आणि पंख्याचा परिणाम घटतो. कूलर लावायचा तर खिडकी उघडी ठेवा. पावसाळ्यात पंख्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

दिव्याचा टायमर संध्याकाळी 6 ते दुपारी 12 असा लावा. 18 तास भरतात, दुपारच्या भाजणाऱ्या वेळी दिव्याची उष्णता वाढत नाही, आणि रात्री टँकचा दिवा बंद असताना स्क्रबर कार्बन डायऑक्साइड ओढत राहतो, त्यामुळे पहाटे पीएच फार उतरत नाही.

वीज गेली की काय होतं, ते आजच बघून ठेवा. स्क्रबरचा पंप बंद करा आणि पाइपातलं सगळं पाणी उतरल्यावर सम्प ओसंडतो का ते बघा. ओसंडत असेल तर नेहमीची पातळी खाली आणा. इन्व्हर्टरवर फक्त पंप टाका, स्क्रबरचा दिवा टाकू नका. काही तास अंधार झाल्याने शेवाळाचं काही बिघडत नाही, कोरडं पडल्याने बिघडतं. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर साध्या एसी पंपाला घरघर येते आणि तो तापतो. पंपासाठी साइन वेव्हचाच घ्या. इन्व्हर्टर नसेल तर पंप आणि दिवा एकाच बोर्डावर ठेवा, म्हणजे पाणी बंद आणि दिवा चालू, असं कधी होणार नाही.

जाळी उन्हाळ्यात तीन-चार तास कोरडी राहिली आणि शेवाळ फिकट, कडक झालं असेल, तर वीज आल्यावर पंप आपोआप सुरू होऊ देऊ नका. मेलेलं शेवाळ सगळं टँकमध्ये धुऊन जाईल. जाळी काढा, मेलेला भाग खरवडा, धुवा, मगच लावा. मुळं जिवंत असतील तर आठवड्या-दोन आठवड्यांत परत धरतं.

वायरींना बोर्डाच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं खारं पाणी सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली गळेल. लाइनवर ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. यात काटकसर नको.

काढणी

पंप बंद करा, जाळी बाहेर घ्या, टँकवर किंवा सम्पवर धरून खरवडू नका. बेसिनमध्ये आडवी ठेवून जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने वरून खाली ओढा. हिरवी लव जाळीवर राहू द्या, पुढचं पीक तिच्यावरच येतं. शेवाळात कोपेपॉड (कोळंबीच्या कुळातले बारीक जीव) फार झाले असतील आणि ते कोवळी वाढ खात असतील, तर जाळी मिनिटभर गोड्या पाण्याखाली धरा. एरवी पाणी बदलताना काढलेल्या टँकच्याच पाण्यात धुवा. काढलेलं शेवाळ पिळून वजन केलंत तर उत्तम. वहीत दर आठवड्याचं वजन आणि रंग लिहीत गेलात, तर बिघाड किटच्या आधी वहीत दिसेल. ते शेवाळ कुंडीत टाकायचं असेल तर आधी मीठ धुऊन काढा.

किटचे आकडे जुळत नसतील तर

जाळी भरभरून येते तरी फॉस्फेट उतरत नाही, हे जुन्या खडकांच्या टँकमध्ये दिसतं. खडकाने साठवलेलं फॉस्फेट तो परत सोडत असतो. धीर धरा, काही महिने लागतात. फॉस्फेट 0 आणि नायट्रेट 30-40 असेल तर शेवाळाला फॉस्फेट कमी पडतंय. फॉस्फेट रिमूव्हर चालू असेल तर आधी तो बंद करा, स्क्रबर आणि रिमूव्हर एकाच खाद्यासाठी भांडतात.

दोन्ही 0 वर गेले तर आनंदून जाऊ नका. मऊ कोरल फिकट पडतात, झेनिया आखडते, वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरणारे डायनोफ्लॅजेलेट (शेवाळासारखे सूक्ष्मजीव) येऊ शकतात. उजेडाचे तास कमी करा आणि माशांना थोडं जास्त खायला घाला. खतांच्या दुकानातलं 13:0:45 हे पोटॅशियम नायट्रेटच असतं, हे खरं, पण ते शेतीसाठी बनवलेलं असतं. नायट्रेट घालायचंच असेल तर प्रयोगशाळेच्या शुद्धतेचं घ्या. नायट्रेट 2 ते 10, फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), एवढ्यात राहिलं की बास.

पाणी पिवळसर दिसायला लागलं तर शेवाळातून सुटणारी रंगद्रव्यं आहेत. सम्पमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची छोटी पिशवी ठेवा आणि महिन्याने बदला.

मे महिन्यात लग्नांना चार-पाच दिवस गावाकडे जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी जाळी खरवडा, फट साफ करा, दिव्याचे तास 12 वर आणा आणि टॉप-अपचा डबा काठोकाठ भरा. घरी जो कोणी राहणार असेल त्याला दोनच गोष्टी शिकवा : रोज एका छोट्या डबीत मोजून ठेवलेलंच खाद्य घालायचं, आणि जाळीवर पाणी दिसलं नाही तर फोन करायचा.